वळणावरचा खोकला

सरळ रस्त्यावर निरीक्षकांची गाडी अगदी शहाण्यासारखी चालायची. वळायची वेळ आली की मात्र कण्हायची. कंबर धरलेल्या माणसाला खुर्चीतून उठवताना तो जसा कण्हतो, तसं लांबलचक, सावकाश आणि सगळ्या घरादाराला ऐकू जाईल असं. डावीकडे वळताना जरा कमी, उजवीकडे जरा जास्त. गाडी मागे घेताना स्टिअरिंग पुरतं फिरवावं लागलं, तर शेजारच्या गाडीतले लोक काचा खाली करून बघायचे. एकदा इस्पितळाच्या फाटकात वळताना तिथल्या रखवालदाराने काही न विचारता स्ट्रेचर आणायला माणूस पिटाळला होता.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. बाजारातल्या तराजूंची दांडी मारणाऱ्यांचा कर्दनकाळ. इमारतीत त्यांना सगळे निरीक्षकच म्हणत, त्यांचा सख्खा मेहुणासुद्धा फक्त तोंडावर भाऊजी म्हणायचा. बायको 'अहो' म्हणायची, पण त्या 'अहो'त वरिष्ठ अधिकाऱ्याची जरब असायची. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे घरात हिशेब चुकला तर तो कुणाचा चुकला यावर वाद होत नसे.

या आवाजावरचा पहिला उपाय तिनेच शोधला. एका संध्याकाळी गाडी इमारतीच्या फाटकात वळत होती, बाकावर शेजारीपाजारी बसलेले होते, आणि नेमकं कण्हणं सुरू होणार तेवढ्यात ती जोरात खोकली. आवाज खोकल्यात बुडाला. बाकावरचे म्हणाले, "वहिनी, काळजी घ्या हो, हवा वाईट आहे." गाडीकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक वळणावर सगळं कुटुंब खोकायला लागलं. निरीक्षक खालच्या पट्टीत, बायको मधल्या आणि मुलगी वरच्या. लोकांना वाटायचं, घराण्याचाच विकार आहे.

मुलीला घरात ठकी म्हणत. ठकी गाडी चालवायला शिकली ती याच गाडीवर आणि याच घरात, म्हणजे तिचं शिक्षण कसं झालं असेल ते सांगायला नको. आरसा, इंडिकेटर, खोकला, वळण. हा क्रम तिच्या हातापायांत आणि घशात इतका मुरला, की पायी चालताना कोपरा आला तरी ती खाकरायची.

आता ठकीला परवाना हवा होता, आणि हौसेखातर नव्हे. ती फिजिओथेरपी शिकली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा पायावर उभं करायचं, अशी नोकरी तिला एका केंद्रात मिळाली होती. गाडी केंद्राची, पेट्रोल केंद्राचं, अट एकच: रुजू व्हायच्या दिवशी हातात परवाना पाहिजे. नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. ठकीला ही नोकरी किती हवी होती ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. पण ती झोपेतही कुणाला तरी "हळूच, गुडघा वाकवा" असं सांगायची, हे तिच्या आईने ऐकलं होतं.

चाचणीच्या दिवशी परवाना कार्यालयाचा परीक्षक गाडीत बसला. अंगाने काटकुळा, कपाळावर कायमची आठी आणि कान मात्र भलतेच तिखट. मैदानात पहिलं वळण आलं. गाडी कण्हली. ठकी खोकली. परीक्षकाने विचारलं, "काय होतंय?"

"थोडा खोकला आहे, सर."

"तुम्हाला नाही विचारत, गाडीला काय होतंय?"

दुसऱ्या वळणाला तो खाली उतरला. कागदावर शेरा मारला: 'वाहन वळताना आवाज करते. आवाज बंद केल्याचा दाखला आणल्यावर फेरचाचणी.' ठकी नापास नव्हती. गाडी नापास झाली होती.

"एवढंच ना? माझी गाडी घेऊन जा," मेहुणा म्हणाला. त्याची गाडी नवी होती, आणि त्याचं सौजन्यही त्याच दिवसापासून नवं होतं. "वळते की नाही तेसुद्धा कळत नाही, भाऊजी. तुमची ती आता भंगारात द्या."

पण परवाना कार्यालयाच्या अर्जावर गाडीचा नंबर लिहिलेला असतो. गाडी बदलली की अर्ज बदलतो, अर्ज बदलला की नंबर रांगेच्या शेपटाला जातो, आणि त्या रांगेचं शेपूट कार्यालयाच्या गच्चीवरून पाहिलं तरी दिसत नाही, असं खिडकीतल्या माणसानेच मोठ्या अभिमानाने सांगितलं. निरीक्षकांना मनातून बरंच वाटलं. भंगारात द्या म्हणे! त्यांनी त्याच क्षणी ठरवलं, की ठकी पास होईल तर याच गाडीत, आणि गाडी वळेल तेव्हा मेहुण्याच्या गाडीपेक्षा मुकाट वळेल. एकदा त्यांनी ठरवलं की बाजारातले भलेभले व्यापारीही तडजोडीची भाषा सोडून द्यायचे, तिथे एका स्टिअरिंगची काय कथा.

पहिला सल्ला बोटवाल्या काकांचा आला. हे तळमजल्यावर राहायचे. उभा जन्म मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत गेलेला, आता निवृत्त होऊन पांढरीशुभ्र पँट घालून बाकावर बसायचे आणि इमारतीतल्या कुठल्याही यंत्राला, मग तो मिक्सर का असेना, तपासायला हजर व्हायचे.

"तेल बघितलं का?" काकांनी विचारलं.

निरीक्षकांच्या वर्मी लागलेला हा पहिला घाव. तेल? त्यांच्या गाडीत? दर रविवारी, गाडी घरात आल्यापासून एकही रविवार न चुकवता, ते स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडत. झाकणाला खाली एक छोटी पट्टी असते, तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन रेघा. तेल या दोन रेघांच्या मध्ये पाहिजे, असं पुस्तिकेत म्हटलेलं. 'मध्ये' हा शब्द निरीक्षकांना पटत नसे. मध्ये म्हणजे कुठे? त्यांच्या गाडीतलं तेल बरोबर वरच्या रेघेवर असे, केसभर खाली नाही की केसभर वर नाही.

आणि ही तपासणी ते खात्याच्या रीतीने करत. खात्यात प्रमाण वजनं म्हणून पितळेची वजनं असतात. त्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही, खरबरीत कापडाने पुसायचं नाही. घासून रतीभर जरी झिजली तरी सगळ्या गावाचा शेर हलका होतो. म्हणून त्यांच्यासाठी मऊ फडकं. उभी नोकरी हे व्रत सांभाळलेला माणूस गाडीची पट्टी शर्टाच्या टोकाला थोडाच पुसणार! त्यांनी घरातलं सगळ्यात मऊ फडकं शोधून गाडीच्या कप्प्यात ठेवलं होतं. त्याने आधी पट्टी पुसायची, मग झाकणाची आतली बाजू, मग बोटाला गुंडाळून डबीच्या तोंडातून आत, जिथवर बोट पोहोचेल तिथवर. मग पट्टी बुडवायची, बघायची, पुन्हा पुसायची.

"तेल?" निरीक्षक म्हणाले. "या, दाखवतो."

त्यांनी फडकं काढलं, सगळा विधी यथासांग केला आणि पट्टी काकांच्या नाकासमोर धरली. काका म्हणाले, "वा! बोटीवर असा माणूस मिळाला असता तर आम्ही दोन जास्त समुद्र केले असते." मग त्यांनी घरून हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर आणला, त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, आणि डोळे मिटून ठकीला स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. बराच वेळ ते समाधीत होते. "बेल्ट," त्यांनी निकाल दिला. "बेल्ट सैल आहे."

गॅरेजवाल्याने बेल्ट बदलला. नवा बेल्ट काळाभोर, घट्ट. गॅरेजच्या फाटकातून वळताना गाडी पहिल्यापेक्षा जोरात कण्हली. गॅरेजवाला एक आत्मविश्वासाने ओथंबलेला माणूस होता. त्याला कुठल्याच गोष्टीचं आश्चर्य वाटत नसे. "मग स्टिअरिंगचा पंप गेला," तो म्हणाला. "मी म्हणणारच होतो. तेल बघता ना नीट?"

निरीक्षकांनी दातओठ खात फडकं काढलं.

नवा पंप बसवायला गाडी गॅरेजात असताना त्यांनी दाखल्याची चौकशी सुरू केली. परवाना कार्यालयातल्या पहिल्या खिडकीने सांगितलं, की आवाज होत असल्याचा दाखला पोलीस देतात, आवाज होत नसल्याचा कोण देतो ते दुसऱ्या खिडकीला विचारा. दुसऱ्या खिडकीचं मत पडलं, की यंत्राने मोजून द्यावा, आणि ते यंत्र सरकारमान्य असावं. "मान्य कोण करतं?" निरीक्षकांनी विचारलं. खिडकीने एक जाडजूड पुस्तक चाळलं आणि सांगितलं, "वजनमापे खातं."

निरीक्षक आपल्याच खात्यात अर्ज घेऊन गेले. आवक विभागाने तो रीतसर फिरवला आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तो त्यांच्याच टेबलावर येऊन पडला. आता स्वतःच्या अर्जावर स्वतः सही करणारा माणूस निरीक्षक नव्हे. त्यांनी त्यावर लाल शाईने शेरा मारला: 'अर्जदार व तपासणारा एकच असल्याने वरिष्ठांकडे.' वरिष्ठ रजेवर होते. वरिष्ठांचं काम कुणाकडे होतं? तर निरीक्षकांकडे. अर्ज संध्याकाळी परत त्यांच्याच टेबलावर आला, वर नवी पिन टोचलेली. शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणाले, "मारा सही, कोण बघतंय?" त्या कारकुनाशी ते पुढे बरेच दिवस नीट बोलले नाहीत.

शेवटी सुटका गॅरेजवाल्याने केली. पंप बसवून होताच, गाडी हलवून बघण्याआधीच, त्याने आपल्या छापील कागदावर मोठ्या झोकात लिहिलं: 'पंप बदलला. आवाज बंद.' आणि वर गोल शिक्का मारला. ठकी तो कागद घेऊन परवाना कार्यालयात गेली. गोल शिक्का बघून पहिल्या खिडकीचा चेहरा उजळला. हाच दाखला, असं तिने जाहीर केलं आणि फेरचाचणीची तारीख दिली. रुजू होण्याच्या अगदी तोंडावरची.

त्याच संध्याकाळी निरीक्षक गाडी आणायला गेले. फाटकातून वळले. नव्या पंपासकट, नव्या बेल्टसकट, गाडी अशी काही कण्हली की समोरच्या दुकानातला माणूस पायरीवर आला.

"मग रॅक गेला," गॅरेजवाला म्हणाला.

निरीक्षकांनी गाडी कडेला घेतली आणि तसेच बसून राहिले. आवाजाचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं काहीतरी त्यांच्या छातीवर बसलं होतं. सरकारी कार्यालयात, शिक्क्यानिशी, त्यांच्या गाडीच्या नावाने एक खोटा कागद दाखल झाला होता. ज्या माणसाने आयुष्यभर पोकळ वजनं पकडली, तळाला मेण लावलेली मापं उलटी करून चारचौघांत दाखवली, त्याच्या घरात आता खोटं माप होतं. रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

"फार मनाला लावून घेऊ नका," बायको म्हणाली. "मामाची गाडी घेऊ, नवीन अर्ज करू. नोकरी काय, दुसरी मिळेल."

"दुसरी नकोय मला," ठकी म्हणाली, आणि ताटावरून उठून गेली. हे तिने पहिल्यांदाच उघड बोलून दाखवलं.

निरीक्षकांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "दाखला खोटा आहे, बरोबर. पण तो परत घेता येणार नाही. मग एकच मार्ग उरतो. दाखला खरा करायचा."

दुसऱ्या दिवसापासून ते इरेला पेटले. रविवारची तपासणी रोजची झाली, मग सकाळ-संध्याकाळची. कुणी जिन्यात भेटून "तेल बघितलंत का?" विचारलं, की फडकं निघालंच. आणि विचारत तर सगळेच होते, अगदी वीजमीटरचा आकडा घ्यायला येणारासुद्धा. गंमत अशी, की जितकी तपासणी वाढली तितका आवाज वाढत गेला. आता गाडी नुसतं स्टिअरिंगला हात लावला तरी कुरकुरायची.

तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरीणबाई राहायच्या. कान, नाक, घसा. त्या माणसांशी फार कमी बोलायच्या, कारण समोरचा माणूस दिवसभर तोंड उघडून बसलेला असायचा. आवाजाने त्यांची दुपारची झोप मोडली, तेव्हा त्या स्टेथोस्कोप घेऊनच खाली आल्या. पंपाला लावला, नळीला लावला, डबीला लावला. ठकीला म्हणाल्या, "फिरव. आता उलटं फिरव." मग स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून म्हणाल्या, "आत फेस आहे. बुडबुड्यांचा आवाज येतोय."

"हवा!" बोटवाले काका ओरडले. "तेलात हवा धरली आहे. मी पहिल्यापासून म्हणत होतो."

पहिल्यापासून ते बेल्ट म्हणत होते, पण ते असो. हवा काढायचा उपाय सोपा: गाडीची पुढची चाकं जॅकवर उचलायची, डबीचं झाकण उघडं ठेवायचं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं, म्हणजे हवा बुडबुड्यांनी वर येते. सोप्या उपायाला फक्त जागा लागते. इमारतीच्या आवारात जागा एकच होती, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या गाडीसमोरची. गाडी पुरती उचलली गेली आणि सेक्रेटरींना लग्नाला निघायचं आठवलं. त्यांची बायको नवी साडी नेसून पायरीवर उभी, सेक्रेटरी घड्याळ बघतायत, आणि निरीक्षक गाडीखालून सांगतायत, "नियमाप्रमाणे आम्ही आवारातच उभे आहोत."

"नियमाप्रमाणे आवारात वाहन उभं करता येतं," सेक्रेटरी म्हणाले, "लटकवता येत नाही."

या वादात ठकीने घाईघाईने स्टिअरिंग फिरवलं. सावकाश फिरवायचं असतं ते यासाठीच. डबीतून फेसाळलेलं लाल तेल उसळलं आणि वाकून बघणाऱ्या बोटवाल्या काकांच्या पांढऱ्याशुभ्र पँटवर बसलं. काकांनी खाली बघितलं. एवढे समुद्र केले, पण पँटला कधी डाग पडला नव्हता म्हणे. ते तडक घरी गेले. सेक्रेटरी रिक्षाने लग्नाला गेले. निरीक्षकांनी फडक्याने डबी आतून-बाहेरून लख्ख पुसली, तेल वरच्या रेघेपर्यंत भरलं, गाडी खाली उतरवली आणि एक वळण घेतलं.

गाडी कण्हली.

डॉक्टरीणबाई जिना चढत होत्या, त्या तिथेच थांबल्या. "फेस कशाने होतो ते बघा ना," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे माणसं छाती धरून येतात. छातीत काही नसतं. घशात काहीतरी अडकलेलं असतं." आणि झोपायला गेल्या.

निरीक्षकांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. ठकीने दिलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी निरीक्षक हापिसातून लवकर आले ते रॅक बदलायची तयारी करून. रॅक म्हणजे स्टिअरिंगची सगळी खालची दांडी. ती बदलायला आठवडा लागेल असं गॅरेजवाला सांगत होता, आणि निरीक्षक त्याला एका रात्रीत बदलायला लावणार होते. आवारात बघतात तर गाडीचं बॉनेट उघडं, बायको टॉर्च धरून उभी आणि ठकी हातात पिचकारीएवढी सिरिंज घेऊन डबीतलं तेल एका बाटलीत उपसतेय.

"अगं, अगं! रेघेवर आहे तेल!" निरीक्षक धावले.

"रेघेवर आहे हो बाबा. खाली काय आहे ते बघतेय. पंप बदलला, बेल्ट बदलला. ही डबी तीच आहे. हिचा घसा कुणी बघितलाय?"

डबी रिकामी झाली. टॉर्चच्या उजेडात तळाशी गाळणीची जाळी दिसायला हवी होती. जाळी दिसतच नव्हती. तिथे काहीतरी लोकरीसारखं, दाट, चिकट असं बसलेलं होतं. तेल गाळून पंपाकडे जायची वाटच त्याने बुजवून टाकली होती, आणि तेल मिळेना म्हणून पंप हवा ओढत होता, फेस काढत होता आणि कण्हत होता. आधीचा पंप बिचारा निरोगी असताना भंगारात गेला.

ठकीने डॉक्टरीणबाईंचा लांब चिमटा आणला होता. तिने तो आत घातला आणि सावकाश बाहेर ओढला. पुंजका आला. आणखी ओढला, आणखी आला. तेलाने लालसर झालेला, पण टॉर्चखाली धरला तर आतून पिवळा.

बायकोने टॉर्च हळूच गाडीच्या कप्प्याकडे वळवला. तिथे घडी घालून ठेवलेलं फडकं होतं. पिवळं. एका कोपऱ्याला दोऱ्याने भरलेलं बदक, त्याचा एक डोळा उसवलेला.

"बाबा," ठकी म्हणाली, "हा माझा टॉवेल आहे."

"टॉवेल नाही, फडकं," निरीक्षक म्हणाले, पण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मी बाळ असतानाचा. आई, मी याच्याशिवाय झोपायचे नाही ना?"

"मी इतकी वर्षं शोधतेय तो," बायको म्हणाली. "माळ्यावरच्या पेट्यासुद्धा उपसल्या. अहो, हा तुम्ही गाडीत नेलात?"

"मऊ लागतं," निरीक्षक म्हणाले. "तुम्हाला कळत नाही. वजनाला कापड मऊच लागतं. घरातलं सगळ्यात मऊ हेच होतं." मग ते गाडीच्या बंपरवर टेकले. रविवारच्या मागे रविवार त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होते. बोटाला गुंडाळून पुसणारे ते. काकांना पुसून दाखवणारे ते. गॅरेजवाल्याला, सेक्रेटरींना, मीटरवाल्याला. प्रत्येक वेळी टॉवेलचे चार तंतू आत. चोर शोधायला निघालेला हवालदार दर वेळी आपल्याच पावलांचे ठसे मोजत होता.

ठकी त्यांच्याजवळ बसली. ते रागावतील की रडतील हे तिला कळेना. मग तिला हसू फुटलं. ते बघून बायकोला फुटलं. निरीक्षक बराच वेळ गंभीर राहिले, आणि मग त्यांच्याही पोटातून काहीतरी उसळलं आणि तिघं आवारात, उघड्या बॉनेटसमोर, डोळ्यांतून पाणी येईतो हसत राहिली. बोटवाल्या काकांनी खिडकी उघडून विचारलं, "काय झालं? काय निघालं?"

"बाह्य पदार्थ!" निरीक्षक ओरडले, आणि खिडकी बंद होईपर्यंत टॉवेल पाठीमागे धरून राहिले.

नवं तेल घातलं. दोन्ही रेघांच्या मध्ये, ठकीने सांगितलं तिथे. पट्टी तिने कागदाने पुसली. निरीक्षकांनी तोंड फिरवून घेतलं. गाडी चालू केली, स्टिअरिंग सावकाश फिरवलं, पुन्हा उलटं फिरवलं, फाटकातून बाहेर काढली आणि वळवली. तिघंही खोकली.

"थांबा," ठकी म्हणाली. "पुन्हा वळवते. कुणी खोकायचं नाही."

पुन्हा वळली. काही नाही. टायर रस्त्यावर घासल्याचा आवाज तेवढा.

चाचणीच्या सकाळी मैदानाच्या कुंपणाबाहेर निरीक्षक उभे होते, बायको होती, नव्या पँटमध्ये बोटवाले काका होते आणि दवाखाना उशिरा उघडणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. परीक्षक तोच. गाडीत बसण्याआधी त्याने नंबर दोनदा वाचला. गाडी निघाली. पहिलं वळण आलं. आरसा, इंडिकेटर, आणि ठकी खोकली.

कुंपणाबाहेर बायको खोकली. निरीक्षक खोकले. काकांना का कोण जाणे, पण वाटलं आपणही खोकावं. डॉक्टरीणबाईंनी पर्समधून घसा बघायची पट्टी काढली आणि परत ठेवली. दुसऱ्या वळणाला पुन्हा तेच. परीक्षकाने खिडकीतून डोकं काढून कुंपणाकडे बघितलं. तिसऱ्या वळणाला तो स्वतःच खाकरला. गाडी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत गप्प होती.

परीक्षक उतरला. कागद बॉनेटवर ठेवून पेन उघडलं. "चालवता उत्तम," ठकीला म्हणाला, "पण खोकल्याचं बघा. घरातल्या सगळ्यांनाच दिसतोय." आणि सही करायला वाकला.

"एक मिनिट," निरीक्षक म्हणाले.

कुंपणाच्या फाटकातून ते आत आले होते. बायको त्यांच्या मागे इतक्या जोरात खोकली, की मैदानातले कावळे उडाले. निरीक्षक थांबले नाहीत. ठकीकडे त्यांनी बघितलंच नाही, बघितलं असतं तर पुढचं बोलवलं नसतं.

"तुमच्या फायलीत जो दाखला आहे, तो खोटा आहे. त्यात लिहिलंय पंपामुळे आवाज बंद झाला. पंपामुळे नाही झाला. आवाज टॉवेलचा होता. म्हणजे, माझा. मी रोज टॉवेलने पुसत होतो."

परीक्षकाचं पेन हवेत थांबलं. ठकीचे हात स्टिअरिंगवरच होते, आणि ते पांढरे पडले होते.

"कसला टॉवेल?"

"हिचा. बदकवाला."

परीक्षकाने कागद वाचला. मागे उलटला, पुन्हा वाचला. कपाळावरची आठी दुप्पट झाली. "आता गाडी आवाज करते का?"

"नाही."

"दाखल्यात काय लिहिलंय? आवाज बंद. आवाज बंद आहे. म्हणजे दाखला खरा आहे." आणि त्याने सही केली. "टॉवेलचा रकाना या फॉर्मात नाही, साहेब. तुम्ही कुठल्या खात्यात?"

"वजनमापे."

"तरीच," परीक्षक म्हणाला.

ठकी गाडीतून उतरली आणि वडिलांच्या गळ्यात पडली. ती रागावली होती आणि रडत होती आणि हसत होती, हे तिन्ही एकाच वेळी. "बाबा, तुम्ही ना," एवढंच तिला म्हणता आलं. निरीक्षकांनी डोळे पुसायला खिशात हात घातला आणि बाहेर निघाला तो पिवळा टॉवेल. ठकीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

सोमवारी ती रुजू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राची छोटी पांढरी गाडी ती इमारतीच्या आवारातून बाहेर काढत होती, शेजारच्या सीटवर बदकवाला टॉवेल घडी घालून ठेवलेला. पहिला रुग्ण गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, पडून राहिलेले एक आजोबा. निरीक्षक गॅलरीत उभे होते. ती कोपऱ्यापर्यंत सरळ गेली, मग इंडिकेटर लागला. गाडी नवी होती, वळताना काही आवाज करणारी नव्हती. निरीक्षकांनी कान टवकारले, आणि मग आपोआप, न ठरवता, खोकले.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "वळली का?"

"वळली," निरीक्षक म्हणाले.